मूल बोलत नाही? मग वाट पाहू नका



हा लेख डॉक्टरांनी लिहिलेला नाही. आम्ही पिंपळगाव बसवंतचे साधे आई-बाप आहोत. एकजण मार्केट यार्डात व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, दुसरी घरी शिवणकाम करते. आमच्या धाकट्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. आता तो आठ वर्षांचा आहे आणि गावातल्याच शाळेत तिसरीत शिकतो.

गेल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाल्यावर एका ताईने आम्हाला बाजूला घेतले. तिची मुलगी अडीच वर्षांची. हाक मारली तरी बघत नाही, बोलत नाही, एकटीच झाकण फिरवत बसते. "तुम्ही कुठं दाखवलं होतं?" एवढेच तिने विचारले, तेही इकडेतिकडे बघत, हळू आवाजात. तिला जे सांगितले, ते सगळ्यांनाच सांगावे म्हणून हा लेख.

आमची दीड वर्षे वाया गेली

आमचा मुलगा दोन वर्षांचा असतानाच आम्हाला शंका आली होती. त्याला पाणी हवे असले की तो बोट दाखवायचा नाही, आमचा हात धरून माठाकडे ओढायचा. गाडीशी खेळायचा नाही, गाडी उलटी करून नुसते चाक फिरवायचा. यार्डातून ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेले की कान दाबून रडायचा. पण आजी म्हणाली, "पोरगं आहे, उशिराच बोलतं. याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता?" एका दवाखान्यात सांगितले, "अजून लहान आहे, होईल." आम्हालाही तेच ऐकायचे होते. तपासणी झाली तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. लहानपणी मेंदूची वाढ झपाट्याने होत असते, म्हणून शिकवणी जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली. ती दीड वर्षे आम्हाला आजही टोचतात.

म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवा. वर्षाचे मूल नाव घेतले तरी वळून बघत नाही. दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचे मूल "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडत नाही. नजरेला नजर कमी देते, तीच हालचाल किंवा तोच शब्द पुन्हा पुन्हा करते. आणि कोणत्याही वयात, आधी बोलत असलेले मूल बोलायचे थांबते. अशी एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नता आहेच असे नाही. पण तपासणी करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

हा कोणाचा दोष नाही

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे मोठ्या शाळेत अशी दोन-चार मुले असणारच, मग कोणी त्यांना ओळखलेले असो वा नसो.

अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे डॉक्टरच म्हणत राहिले की आई माया करत नाही म्हणून मूल असे होते. ते साफ चुकीचे ठरले. तरी आपल्याकडे आजही पहिले बोट आईकडेच जाते. लसीमुळे स्वमग्नता होते हाही गैरसमज आहे. तसा संशय पसरवणारा १९९८ सालचा इंग्लंडमधला शोधनिबंध त्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवाना गेला. तेव्हा लसी चुकवू नका.

आम्हाला नातेवाइकांनी देवऋषीकडे जायला सांगितले. एकाने तर "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" असे तोंडावर म्हटले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हा विचार नाकारला आहे. तो ग्रंथ आपण विहारात वाचतो आणि घरी येऊन आईलाच दोष देतो, हे बरे नव्हे.

तपासणी कशी होते

स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत किंवा फोटोत दिसत नाही. जाणकार माणूस मुलाला बघून, खेळवून आणि आई-बापांना विचारूनच निदान करतो.

पहिले काम कानाची तपासणी. मूल हाकेला ओ देत नाही, याचे कारण ऐकू न येणे हेही असू शकते. ते आधी पाहावे लागते.

दुसरे, अंगणवाडी ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरपासूनच सुरू झाला. त्यातले डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासायला येते. वाढीतला विलंब शोधणे हे त्यांचे कामच आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि काय दिसते ते स्वतः सांगा. पथकाने चिठ्ठी दिली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचे. त्याला डीईआयसी म्हणतात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ एकाच ठिकाणी असावेत अशी ती योजना आहे, आणि तिथे पैसे लागत नाहीत. पथकाची वाट न बघता नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाऊनही चौकशी करता येते.

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आपल्या देशात इसा नावाची प्रश्नावली वापरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली आहे. त्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० पेक्षा कमी आले तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. आमच्या मुलाला ११२ गुण मिळाले. आम्हाला वाटले होते की शाळेसारखे जास्त गुण म्हणजे चांगले! मॅडमनी समजावून सांगितले तेव्हा घरी येताना एसटीत आम्ही दोघेही बोललो नाही.

जाताना एक करा. मोबाइलवर मुलाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्या: जेवताना, खेळताना, चिडल्यावर. नवीन जागी मूल घाबरून वेगळेच वागते. लसीकरणाचे कार्ड आणि मूल कधी बसले, चालले, पहिला शब्द कधी बोलले, हे कागदावर लिहून न्या. नाशिकच्या एका फेरीत एका माणसाची दिवसाची मजुरी जाते. अर्धवट कागदांमुळे दुसरी फेरी पडू नये.

निदानानंतर काय

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. फिट किंवा झोप न लागणे असे सोबतचे त्रास असतील तर त्यांच्यावर औषध असते. खरा उपयोग होतो तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार आणि घरातल्या रोजच्या शिकवणीचा. स्टेम सेलच्या इंजेक्शनने मूल बरे होते असे सांगून लाखो रुपये मागणारे भेटतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असे स्पष्ट केले आहे. त्यासाठी दागिने मोडू नका, कर्ज काढू नका.

आम्ही घरी काय केले? जुन्या पुठ्ठ्यावर पाणी, भाकरी, शी-सू, झोप, बाहेर अशी चित्रे चिकटवली. मुलाने चित्रावर हात ठेवला की आम्ही तो शब्द म्हणायचो आणि वस्तू लगेच द्यायचो. चार महिन्यांनी तो "पा" म्हणाला. चित्रे दाखवल्याने मूल बोलायचे थांबते अशी भीती बाळगू नका. चित्रामुळे त्याचे रडणे कमी होते आणि शब्दाला वाट मिळते.

दाखला का काढायचा

आमच्या घरात यावर वाद झाला. "कपाळावर शिक्का कशाला?" असे थोरल्या काकांचे म्हणणे. पण दाखल्याशिवाय हक्क मागता येत नाही. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे आणि स्वमग्नता त्यात आहे. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड मिळते. लहान मुलांचा दाखला ठरावीक मुदतीचा असतो. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालचा आहे. त्याखालच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात नियमित थेरपीचाही खर्च येतो. याच कायद्याने मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घेता येते.

शाळेच्या दारात

सर्वांत जास्त त्रास झाला तो इथे. पहिल्या शाळेत सांगितले, "याला आम्ही सांभाळू शकत नाही, स्पेशल शाळेत टाका." आम्ही मान खाली घालून परत आलो. नंतर कायदा वाचला. वरच्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती मुलाची आणि पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नाही.

विशेष शाळा वाईट असे आमचे म्हणणे नाही. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षम मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. काही मुलांना तशी शाळाच मानवते. पण पिंपळगावहून रोज तीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, हे आमच्या मुलाला आणि खिशाला झेपणारे नव्हते.

दुसऱ्या शाळेत आम्ही तोंडी विनवण्या केल्या नाहीत. लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. अर्जात "मदत करा" असे मोघम लिहिले नाही. पाच गोष्टी मागितल्या: पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर जागा, दिवसाचे वेळापत्रक चित्रात, गोंगाट सहन झाला नाही तर दहा मिनिटे शांत बसायला कोपरा, लिहिण्याऐवजी बोट दाखवून किंवा जोड्या लावून उत्तर देण्याची मुभा, आणि समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांची भेट. अर्जाची एक प्रत निफाडला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली. दिव्यांग मुलांसाठी प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता अशा तरतुदी याच योजनेत आहेत, पण त्या मागितल्याशिवाय कळत नाहीत.

पहिल्या चार गोष्टींना एक पैसाही खर्च आला नाही. वर्गशिक्षिका बाईंनी महिनाभरात त्या केल्या. पाचवी अजून अर्धवटच आहे, विशेष शिक्षक येतात पण फार दिवसांनी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. तालुक्यातल्या पालकांनी एकत्र अर्ज केले तरच ते प्रत्यक्षात येईल. शाळेने ऐकलेच नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. पुढे दहावी-बारावीलाही जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठीही आजचे कागद जपून ठेवा.

वस्तीला एक विनंती

१४ एप्रिलला आमचे घर दोन भागांत विभागते. एकजण मिरवणुकीत, एकजण मुलाला घेऊन मळ्यातल्या नातेवाइकांकडे. डीजेचा आवाज त्याला खरोखर दुखतो. गेल्या वर्षी मंडळाच्या मुलांनी आपणहून सांगितले, "मिरवणूक निघायच्या आधी अर्धा तास स्पीकर बंद ठेवतो, त्याला घेऊन या." आमच्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा बाबासाहेबांच्या प्रतिमेला स्वतःच्या हाताने फूल वाहिले. त्या अर्ध्या तासाने कोणाचाही उत्साह कमी झाला नाही.

ती ताई पुढच्याच आठवड्यात मुलीला घेऊन नाशिकला गेली. कानाची तपासणी झाली आहे, पुढची तारीख मिळाली आहे. तिची मुलगी अडीच वर्षांची आहे, आमचा मुलगा साडेतीनचा होता. त्या मुलीला एक वर्ष जास्त मिळाले. तुमच्या वस्तीत असे मूल असेल तर त्याच्या आईला दोष देऊ नका. तिच्याबरोबर एक दिवस दवाखान्यात जा.