निफाड: पुस्तकातलं आणि बागेतलं

निफाडचा इतिहास पुस्तकात एका ओळीत संपतो: १८ जानेवारी १८४२, न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म. द्राक्षबागेतल्या जुन्या माणसाला विचारा, तो १९८० सांगेल. शरद जोशींच्या हाकेवर ऊस-कांद्याच्या भावासाठी शेतकरी तेव्हा रस्त्यावर, रुळांवर बसले होते. नाहीतर कडाक्याच्या थंडीची पहाट सांगेल. मणी तडकू नयेत म्हणून बागेत पेटवलेल्या शेकोट्या. याला आपण 'नुसत्या आठवणी' म्हणतो. का बरं? आणि गंमत बघा, खुद्द रानडे १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. सावकारी कर्जात बुडालेल्या कुणब्यासाठीच केलेला कायदा तो! जयंतीच्या भाषणांत हे रानडे आधी यायला हवेत.