सुटा हॉट टब की बांधीव स्पा? आधी खाली काय आहे ते बघा

माझा मामेभाऊ मलकापूरकडे घर बांधतोय. परवा त्याचा फोन आला, "दादा, गच्चीवर हॉट टब ठेवू की खाली बांधूनच घेऊ?" मी विचारलं, "गच्ची किती वजन पेलते?" तो गप्प. बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून आज हेच समजून घेऊया.

फरक काय?
सुटा टब म्हणजे तयार वस्तू. हीटर, पंप, फिल्टर सगळं एकाच खोक्यात असतं. सपाट जागेवर ठेवायचा, पाणी भरायचं, वीज जोडायची. बांधीव स्पा म्हणजे जमिनीत आरसीसीचं छोटं टाकं. पाइप भिंतीत गाडलेले आणि मशिनरी वेगळ्या खोलीत.

वजनाचं गणित
१००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो. टब २५० किलो धरा, चार माणसं २८० किलो. झाले दीड टन! २ बाय २ मीटर जागेवर हे दर चौरस मीटरला ३८० किलोच्या आसपास जातं. वापरात असलेल्या साध्या गच्चीसाठी भारतीय मानक साधारण १५० किलो धरतं. म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय गच्चीचा विचारच नको.

मग बांधीवच बरा?
थांबा. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. त्यात नीट पाया न घेता टाकं बांधलं तर तेही तडकू शकतं. गळती लागली की फरशी फोडून पाइप शोधा! सुट्या टबाचं एक पॅनल उघडलं की काम होतं. त्यालाही काळी माती काढून, मुरूम दाबून वर काँक्रीटचा ओटा लागतोच, पण खर्च खूप कमी.

वीज आणि पाणी
१००० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर न्यायला साधारण २१ युनिट लागतात. ३ किलोवॉटचा हीटर त्याला सात तास घेईल. जाड, उष्णतारोधक झाकण असेल तर रोज एवढं जळत नाही. शेतीच्या लाइनवर हे चालवायचं नाही. स्वतंत्र वायर, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पाण्यात बसलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

घाटाखाली खारपाणपट्ट्यात शेगाव, संग्रामपूरकडे बोअरचं पाणी खारं. त्याने हीटरवर थर साचतो, धातू गंजतो. सुट्या टबाचा हीटर बदलणं सोपं. पाणी मात्र दोन्हीकडे दर तीन-चार महिन्यांनी बदलावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा हिशेब आधी करा.

थोडक्यात
घर बांधून झालंय? सुटा टब घ्या आणि जमिनीवर ठेवा. पाया अजून खोदायचाय, पाणी बारमाही आहे आणि मशिनरीपर्यंत हात पोचेल अशी जागा सोडताय? तरच बांधीव.

मामेभावाने शेवटी अंगणात ओटा घालायचं ठरवलं. टब पुढच्या हिवाळ्यात. तोवर बोअरचं पाणी तपासून घे म्हटलं.