उजनीकाठची सायकल आणि तिची साईडपट्टी

दिवाळी अंकात सायकलीवर लेख आला की तो पुण्याचा असतो. पेठांतले सायकलींचे ताफे, मग लुना, मग स्कूटर, मग हळहळ. शेवटी २०१७ साली मंजूर झालेला सायकल आराखडा आणि सायकलपट्टीवर लावलेल्या चारचाकींचं छायाचित्र. हे लिहिणारे बहुतेक माझे स्नेही आहेत आणि ते लिहितात ते खोटं नाही. पण वर्षानुवर्षं तेच वाचून मी कंटाळलो आहे. त्यांच्या लेखातली सायकल तरुणपणी भेटलेली आणि आता दुरावलेली असते. उजनीच्या फुगवट्याकाठी, टेंभुर्णीपासून कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव ते पार केत्तूर-जिंतीपर्यंत, ती दुरावलेली नाही. ती चालवणाऱ्यांचे फोटो कोणी काढत नाही, एवढंच. आठवीतली मुलगी, रात्रीच्या लाईटवर मोटार चालू करायला निघालेला सालगडी, कॅरियरवर वाढ्याची मोळी बांधून गोठ्याकडे परतणारा म्हातारा. ही माणसं रोज डांबराच्या कडेकडेने जातात आणि त्यांच्या कोपराला घासून उसाची डबल ट्रॉली जाते. हा आढावा त्यांच्यासाठी. संपादकांनी ‘पन्नास वर्षांतली सायकल’ असा विषय दिला होता. त्यातलं मला हवं तेवढंच मी घेणार आहे.

धरणाची कथा या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९८० साली ते पूर्ण झालं, ११७ टीएमसीचा यशवंतसागर, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, वगैरे. सायकलीच्या हिशेबाने महत्त्वाचं एवढंच की पाण्याने जमिनीबरोबर वाटाही बुडवल्या. ओढ्याओढ्यांतून फुगवटा आत शिरला आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला कोसाचा वळसा पडू लागला. गावं उठली, त्यांचे तुकडे झाले. वांगी एक ते चार, केत्तूर एक आणि दोन, ही नावं कोणा कवीने ठेवलेली नाहीत. घर एकीकडे, राहिलेलं रान दुसरीकडे, शाळा तिसरीकडे आणि बाजार जेऊरला. एवढं रोज चालून होईना आणि एसटी माणसाच्या वेळेवर येईना, म्हणून सायकल आली. पुण्या-सोलापुरात ती कारखान्याच्या भोंग्याबरोबर आली असेल. आमच्याकडे ती धरणाने आणली, हे माझं जुनं मत आहे आणि त्यावर वाद घालणाऱ्यांना मी आता उत्तरं देत नाही.

पुनर्वसित गावठाणांना आम्ही सगळ्यांनीच नावं ठेवली. झाड नाही, पार नाही, देऊळही नवं कोरं. पण आखणी सरळ होती, रस्ते रुंद होते आणि वाहन क्वचितच यायचं. त्या रस्त्यांवर एक अख्खी पिढी सायकल शिकली. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत पोरं वाकडीतिकडी जायची. भाड्याच्या सायकलींचं दुकान हे गावातलं खरं सार्वजनिक वाचनालय होतं, कारण तिथली वही सगळे वाचायचे. कोण, किती वाजता, कुठे. घेताना ओळखीच्या माणसाचं नाव सांगावं लागे आणि उशीर केला की संध्याकाळपर्यंत ते त्या माणसाच्या कानावर जाई. दुकानात ॲटलस आणि हिरो. रॅले ज्याच्या दारात, तो मास्तर तरी नाहीतर सावकार. दूधवाल्याच्या सायकलीला दोन्हीकडे किटल्या, मासेवाल्याच्या मागे टोपली आणि टोपलीवर ओलं पोतं. धरणात चिलापी वाढला तशा या टोपल्याही वाढल्या. नगरपालिकेच्या गावात सायकल नेली तर कराचा पत्र्याचा बिल्ला लागे आणि अंधार पडल्यावर दिवा. डायनॅमो नसलेल्याच्या चाकाची हवा पोलीस सोडून द्यायचा आणि तो बिचारा ढकलत घरी यायचा. ज्या राज्याने सायकलवाल्याला दिव्यासाठी एवढं छळलं, त्याच राज्यात आज वीस टन ऊस मागे एकही लाल दिवा नसताना रात्रभर हिंडतो. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. आमच्याकडे त्या सायकली अजून चालू आहेत.)

पुढच्या वीसेक वर्षांत ऊस आला, कारखाने आले, एम-८० आली, केळी आली, कंदरची केळी आखातात गेली. पैसा आला हे चांगलंच झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मग पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. त्याने पुणं जवळ आणलं आणि समोरचं रान लांब नेलं. दुभाजक पडला की पलीकडच्या शेतात जायला पुढच्या कटापर्यंत जायचं आणि उलटं फिरून यायचं. मोटारवाल्याला ते दोन मिनिटांचं काम, सायकलवाल्याला अर्ध्या तासाचं. साहजिकच तो उलट्या बाजूने कडेकडेने येतो आणि मेला की पंचनाम्यात ‘विरुद्ध दिशेने’ असा शेरा पडतो. महामार्ग हा आमच्या काही विद्वानांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. विकास म्हटलं की त्यांना ड्रोनमधून काढलेला रस्ता दिसतो. ड्रोनमधून सायकल दिसत नाही. इंदापुरातून जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गावर मात्र दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी चालण्याची वेगळी वाट आखली आहे. वर्षातून काही दिवस चालणाऱ्यांसाठी वाट करता येते, तर रोज जाणाऱ्या शाळकरी पोरांसाठी का नाही, हे मी गेली काही वर्षं विचारतो आहे. वारकऱ्यांच्या वाटेला माझा विरोध असल्याचंही त्यातून काहींनी काढलं. असो.

आता माझ्या विषयाकडे येतो. साईडपट्टी.

ग्रामसडक योजनेचा साधा रस्ता घ्या. डांबराची रुंदी ३.७५ मीटर आणि एकूण रस्ता साधारण ७.५ मीटर. म्हणजे कागदावर डांबराच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटरहून जास्त जागा आहे. तिथे मुरूम टाकायचा, पाणी मारून दाबायचा आणि डांबराच्या पातळीला आणायचा. यात नवं काही नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही, पैसाही डांबराच्या मानाने किरकोळ. एवढं केलं तर सायकलवाल्याला हॉर्न ऐकून डावीकडे सरकता येतं. मी सायकलपट्टी मागत नाही, लाल रंग मागत नाही, दोन्हीकडे सरकता येण्याइतका मुरूम मागतो.

प्रत्यक्षात काय होतं ते कंदरपासून वांगीकडे कुठेही उतरून पाहा. दर डांबरीकरणाला वर एक थर चढतो, डांबर उंच होत जातं आणि पट्टी आहे तिथेच राहते. कडेला वीतभर पायरी तयार होते. चाक एकदा खाली गेलं की वर येत नाही. वर घ्यायला गेलेली पोर आडवी होते, आणि होते ती डांबराच्या बाजूला, ट्रॉलीच्या चाकाकडे. पट्टीवर वेडी बाभूळ वाढते. नांगर दर वर्षी फूटभर पुढे सरकतो, यात आम्ही शेतकरीच दोषी. शिवाय उजनीची खास देणगी म्हणजे पाइपलाइन. फुगवट्यातून पाणी उचलणाऱ्या इतक्या लाईनी या पट्ट्यात रस्ते ओलांडतात की मोजदाद करणं अवघड. पाणी हटलं की मोटारी पुढे सरकतात, नवे चर पडतात, चर मातीने बुजवतात आणि पहिल्या पावसात ते खचतात. मोटारसायकलला तो दणका, सायकलला तो खड्डा.

या साईडपट्टीसाठी मी तालुक्याच्या वर्तमानपत्रात लिहिलं, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात लिहिलं, अर्ज दिले. एका कार्यालयात मला चहा देऊन समजावण्यात आलं की पट्टी भरणं कामात धरलेलं असतंच. धरलेलं असतं हे मलाही माहीत होतं, म्हणूनच मी गेलो होतो. रस्त्याच्या सदोष आखणीमुळे वा देखभालीमुळे माणूस मेला तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ म्हणून आली. अपघाताच्या पंचनाम्यात मात्र सायकलवाल्याची चूक आधी लिहिली जाते.

गतिरोधकांची तीच गत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि गोलसर असतो. गाडी ताशी २५ किलोमीटरवर यावी इतपत. आमच्याकडे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी गावकरी डांबराचा उभा ढीग घालतात. ट्रॅक्टरला त्याचं काही वाटत नाही. सायकलवरची किटली मात्र सांडते. गावाच्या वेशीत वेग तीसवर आणावा, हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे तीसची मर्यादा असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या सरकारांनीच म्हटलं. हॉलंडचं उदाहरण पुण्याचे स्नेही नेहमी देतात, पण अर्धंच. १९७१ साली तिथे रस्त्यावर ३,००० हून अधिक माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती, आणि मग आईबाप रस्त्यावर बसले. सायकलमार्ग त्या रागातून आले.

मुलींबद्दल मला विशेष लिहायचं आहे, कारण चार जणांशी वैर याच विषयाने झालं. शाळा दूर, वाट निर्जन, म्हणून सातवीनंतर मुलगी घरी, ही रीत मोडली ती दोन गोष्टींनी. एक, एसटीचा मोफत पास, दुसरी, सायकल. पासाची गाडी चुकली की दिवस चुकतो. सायकल चुकत नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, त्यावर कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला: माध्यमिक शाळेतली मुलींची नोंद ३२ टक्क्यांनी वाढली. तमिळनाडूत पुदुकोट्टईला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतच बायकांना सायकल शिकवली. आपल्या राज्यानेही मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. फार चांगली योजना. पण सायकल देणारं खातं एक आणि रस्ता करणारं दुसरं. सायकल दिल्याचा फोटो निघतो, त्या सायकलीवरून मुलगी शाळेपर्यंत कशी पोचते ते पाहायला कोणी येत नाही. मुलींनी सायकलीवर जावं असं मी मांडलं तेव्हा संस्कृतीची चाड असलेले काही जण माझ्या विरोधात गेले. त्यांच्या नातींनी आता स्कूटी घेतल्या आहेत, लायसन नसताना.

सगळ्यात घातक काळ हाच, जो आता सुरू होतो आहे. गळिताचा हंगाम आणि लवकर पडणारा अंधार एकदमच येतात. शाळा सुटते, दिवस मावळतो आणि त्याच तासाला ट्रॉल्या भरून निघतात. दोन ट्रॉल्या एकामागे एक, ऊस दोन्हीकडे बाहेर आलेला, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले किंवा नाहीतच, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्याने गाणी की मागचा हॉर्न ऐकू येऊ नये. बैलगाडीवाला बिचारा निदान मागे कंदील टांगायचा. रस्ता सुरक्षा सप्ताह होतो, हेल्मेटवर व्याख्यान होतं, सायकलवाल्या पोराला ‘जपून जा’ म्हणून गुलाब मिळतो. हेल्मेट घाला, जरूर घाला. पण २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्या सगळ्यांनी जपून जायला हवं होतं, असं म्हणणाऱ्या व्याख्यात्यांच्या पंगतीला मी बसत नाही.

पाण्यावरच्या वाटांचं थोडक्यात. कुगावहून पलीकडे कळाशीला होडीने जायची रीत जुनी. माणसं, दुचाक्या, सायकली, सगळं एका होडीत. २१ मे २०२४ ला वादळात होडी उलटली आणि सहा जण गेले. तिथे पूल व्हायचा आहे. त्यावर पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांना वेगळी कड ठेवा, एवढंच आज सांगून ठेवतो, मागाहून जोडता येत नाही. दुसरा पूल डिकसळचा. रेल्वे १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत आली आणि पुढे भीमा ओलांडून सोलापूरकडे गेली. धरणामुळे रूळ हलले आणि तो दगडी पूल करमाळा-इंदापूरच्या रस्त्याला मिळाला. उसाच्या गाड्यांनी त्याची दैना केली. नवा पूल झाला की जुना पाडायचा, असा सूर ऐकू येतो. पाडू नका. डागडुजी करा आणि सायकलींना, चालणाऱ्यांना द्या. भिगवणला रोहित पाहायला येणारेसुद्धा तुम्हाला दुवा देतील. नाशिकची सायकलवारी दर वर्षी नगर, करमाळा, टेंभुर्णीमार्गे पंढरीला जाते. आम्ही त्यांना केळी देतो, पाणी देतो, कौतुक करतो. त्यांच्यापुढे पोलिसांची गाडी असते. त्यांनी परतताना एखादं पत्र आमच्या साईडपट्टीसाठीही लिहावं.

आता पोरं सायकलीवर बसायला लाजतात. चौदाव्या वर्षी बापाची स्प्लेंडर मागतात आणि बाप देतो, कारण त्याला वाटतं सायकलीपेक्षा मोटारसायकल रस्त्यावर टिकेल. बापाचं फार चुकतं असं मला वाटत नाही. भाड्याच्या सायकलींची दुकानं गेली, त्या जागी मोबाइलचं रिचार्ज. पंक्चरवाला सायकलीचं पंक्चर काढायला नाखूश असतो.

वाचकांना एक काम सांगतो. येत्या २६ जानेवारीला तुमच्या गावची ग्रामसभा आहे. तिच्याआधी मीटरटेप घेऊन शाळेच्या रस्त्यावर जा. डांबराची कड ते शेताचा बांध किती ते मोजा, डांबराची पायरी किती खोल ते मोजा, दोन्ही आकडे ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल पोच घेऊन बांधकाम उपविभागात द्या. कारखान्याच्या शेतकी खात्याला दुसरी नक्कल, ट्रॉलीच्या मागच्या दिव्यासाठी.