गाडी, चटई आणि पडदा

ड्राइव्ह-इनमध्ये सिनेमा दाखवण्यापेक्षा गाड्या लावणं अवघड असतं. अहमदाबादच्या थलतेजमध्ये ‘सनसेट ड्राइव्ह-इन’च्या आवारात शिरलं की पहिली गाठ पडते ती हातवारे करणाऱ्या माणसाशी. ‘थोडी आगळ लो, बस, बस!’ उंच गाडी चुकून पुढे लागली, तर मागच्याला पडद्याऐवजी तिचं टपच दिसायचं. मागून आलेल्यांच्या हेडलाइटचा झोत पडद्यावर जातो, तेव्हा आधी आलेले हॉर्न वाजवतात. हे सगळं चालू असताना पडदा रिकामाच असतो. प्रोजेक्टरचा दिवा कितीही प्रखर असला, तरी संधिप्रकाशापुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे खेळाची वेळ सूर्य ठरवतो.

गाडीत बसून सगळ्यांना पडदा दिसावा कसा, हा प्रश्न पहिल्यांदा नेटाने सोडवला तो अमेरिकेतल्या रिचर्ड हॉलिंग्सहेडने. न्यू जर्सीतल्या आपल्या घरासमोर त्याने गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना चादर बांधली आणि तिच्यामागे रेडिओ लावला. मग काचा वरखाली करून आवाज ऐकला. पावसात कसं दिसेल हे पाहायला बागेचं फवारायंत्र गाडीवर सोडलं. एकामागे एक गाड्या लावल्या की मागच्याला काही दिसेना. तेव्हा त्याने पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवून कोन बदलून पाहिले. त्यातूनच उतरत्या ओट्यांच्या ओळी निघाल्या. गाडी ओट्यावर चढते, तिचं नाक वर होतं आणि समोरच्या टपावरून नजर थेट पडद्यावर जाते. दोन ओळींमध्ये इतकी जागा सोडलेली, की मधेच निघणाऱ्याने इतरांना उठवू नये. मे 1933 मध्ये या रचनेचं पेटंट त्याला मिळालं आणि 6 जूनला कॅम्डनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. दर गाडीमागे 25 सेंट आणि माणशी 25 सेंट. घरात कितीही माणसं असली, तरी एका डॉलरच्या वर नाही.

डोळ्यांचं जमलं, कानांचं नाही. पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांमधून निघालेला आवाज शंभर मीटरवरच्या गाडीत पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा घेतो. म्हणजे शेवटच्या ओळीत ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. आणि शेजारपाजारच्यांना सिनेमा फुकट ऐकू यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर खांबावरचा छोटा स्पीकर काचेला अडकवायची पद्धत रुळली. तो काढायला विसरून तारेसकट निघून जाणारे महाभागही होतेच. पुढे गाडीच्या रेडिओवरच आवाज यायला लागला. मग रेडिओ ऐकता ऐकता बॅटरी उतरली, की खेळ संपल्यावर गाडीला धक्का द्यायचं किंवा तारा जोडायचं नवं काम आलं.

1949 मध्ये न्यायालयाने हॉलिंग्सहेडचं पेटंट रद्द ठरवलं आणि कुणालाही ड्राइव्ह-इन काढायची वाट मोकळी झाली. 1958 च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती. पडद्याखाली मुलांसाठी घसरगुंड्या, आवारात खाद्यगृह. तिकिटापेक्षा खाण्यावर मालकाची कमाई अधिक. रात्रीच्या कपड्यांतली पोरं मागच्या सीटवर झोपी जायची, तरण्या जोडप्यांना आडोसा मिळायचा. चारचौघांत असूनही कुणाच्या नजरेस न पडण्याची ही सोय होती. पुढे घरोघरी टीव्ही आला, शहरं पसरून जमिनी महागल्या, आणि उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवायच्या नियमाने अंधार आणखी तासभर उशिरा पडू लागला. बरीचशी मैदानं विकली गेली.

सनसेट सुरू झालं 1973 मध्ये, सुमारे 665 गाड्यांसाठी. शेजारच्या रस्त्याला लोक आजही ‘ड्राइव्ह-इन रोड’ म्हणतात. पण इथले प्रेक्षक गाडीत थांबतच नाहीत. हँडब्रेक ओढला की डिकी उघडते. चटई, उशा, घडीच्या खुर्च्या आणि ठेपल्यांचे डबे बाहेर येतात. आजीला खुर्ची, आजोबांना लोड, मुलांना दोन गाड्यांमधली मोकळी जागा. शेजारच्या चटईवरून लोणचं येतं, इकडून फरसाण जातं. विनोदावर सगळं मैदान एकदम हसतं. बंद काचेआड बसलेल्या अमेरिकन कुटुंबाला हे हसू ऐकू आलं नसतं. गाडी नसलेल्यांसाठी बसायची वेगळी जागाही आहे.

मुंबईलाही आपलं ड्राइव्ह-इन होतं, वांद्र्याला. ते 2003 मध्ये बंद झालं. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जमिनीचे भाव पाहता आश्चर्य वाटायला नको. त्याच संकुलात 2021 च्या नोव्हेंबरमध्ये एका मॉलच्या गच्चीवर पुन्हा ड्राइव्ह-इन उघडलं, 290 गाड्यांसाठी. जमीन परवडेना, म्हणून मैदानच वर चढलं.

हॉलिंग्सहेडने खटपट केली ती प्रत्येक कुटुंबाला चाकांवरची स्वतःची बाल्कनी मिळावी म्हणून. अहमदाबादकरांनी त्याचे कोन आणि अंतरं तशीच ठेवली. बाल्कनी मात्र सामान वाहून आणायला वापरली. सिनेमा एकट्याने बघायची सोय हाताशी असूनही माणसं चटई पसरून एकमेकांच्या शेजारीच बसली, हे ड्राइव्ह-इनच्या इतिहासातलं एक पान आपल्याकडे लिहिलं गेलं.