विमानाने जाणाऱ्या रसायनाचा खोका

तारापूर, अंबरनाथ, लोटे-परशुराम अशा औद्योगिक वसाहतींतून रसायनांचे नमुने परदेशी ग्राहकांकडे विमानाने जात असतात. माल बहुधा दोन-चार बाटल्यांचाच असतो. पण रसायन पेट घेणारे, विषारी किंवा धातू-कातडी जाळणारे असले, की त्याला ‘डीजी’चे, म्हणजे डेंजरस गुड्सचे नियम लागतात. हे नियम इकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तांत्रिक सूचनांतून येतात. रोजच्या कामात सगळे वापरतात ती आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची डीजीआर पुस्तिका. तिची नवी आवृत्ती दरवर्षी निघते आणि जुनी कामाची राहत नाही. भारतात अंमलबजावणी पाहते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

पुस्तिका जाडजूड आहे, पण तिच्यामागचा विचार समजला की ती अवघड वाटत नाही. खोका एकदा बंद झाला, की तो सहसा थेट ग्राहकाकडेच उघडतो. फॉरवर्डर, टर्मिनलवरचे लोडर, विमानाचा कप्तान, यांपैकी कुणीही आतली बाटली पाहत नाही. ती पाहिलेली असते फक्त बांधणाऱ्याने. म्हणून हे नियम दोन गोष्टी मागतात: आतली बांधणी हवेतला ताण सोसणारी हवी, आणि आत काय आहे ते बाहेरून वाचता आले पाहिजे.

एक उदाहरण घेऊन टप्प्याटप्प्याने पाहू. बोईसरच्या कारखान्यातून ॲसिटोनच्या एकेक लिटरच्या चार काचेच्या बाटल्या मुंबईच्या सहार कार्गो टर्मिनलमार्गे फ्रँकफर्टला जायच्या आहेत.

आधी ओळख

पहिला कागद म्हणजे रसायनाची सेफ्टी डेटा शीट. तिच्या चौदाव्या विभागात वाहतुकीची माहिती असते. ॲसिटोनसाठी तिथे सापडते: युएन 1090, वर्ग 3, पॅकिंग ग्रुप 2. वर्ग 3 म्हणजे ज्वलनशील द्रव. पॅकिंग ग्रुप धोक्याची पातळी सांगतो: 1 सर्वांत धोकादायक, 3 त्या मानाने सौम्य. ज्वलनशील द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, 23 अंश सेल्सिअसच्या खाली आणि उकळबिंदू 35 अंशांच्या वर असेल, तर तो ग्रुप 2 मध्ये बसतो. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही बराच खाली आहे आणि ते सुमारे 56 अंशांना उकळते.

आता डीजीआरची निळी पाने उघडायची. तिथे प्रत्येक युएन क्रमांकापुढे कोणत्या विमानातून किती माल आणि कोणत्या पॅकिंग इन्स्ट्रक्शनने जाईल ते दिलेले असते. ॲसिटोन प्रवासी विमानातून एका खोक्यात 5 लिटरपर्यंत जाते, इन्स्ट्रक्शन 353 प्रमाणे. फक्त मालवाहू विमानातून 60 लिटरपर्यंत, इन्स्ट्रक्शन 364 प्रमाणे. आपले 4 लिटर प्रवासी विमानाच्या मर्यादेत बसतात. काही रसायनांपुढे या रकान्यात ‘फॉरबिडन’ लिहिलेले असते. 70 टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्ल प्रवासी विमानात चढूच शकत नाही.

हवेत बाटलीवर काय बेतते

जमिनीवर हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो. उड्डाणात प्रवासी विमानाच्या आतला दाब साधारण 75 पर्यंत उतरतो. बाटली मात्र जमिनीवरचा दाब पोटात घेऊन चढलेली असते, त्यामुळे आतली हवा आणि वाफ बूच बाहेर ढकलतात. त्यात इंजिनाची थरथर तासन्‌तास चालू राहते आणि आट्यांचे बूच हळूहळू सैल होते. गळती बहुधा बाटली फुटून होत नाही, बुचातून होते.

म्हणून द्रवाच्या आतल्या भांड्याला 95 किलोपास्कल दाबफरक न गळता सोसता आला पाहिजे. 40 हजार फुटांवर बाहेरचा दाब 19 किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे विमानातला दाब पूर्ण गेला, तरी फरक 80-82 च्या घरात राहतो. त्या सर्वांत वाईट वेळेलाही पुरून उरेल असा हा आकडा आहे.

तापमानाचेही तसेच. विमान वाहतुकीत उणे 40 ते 55 अंश ही टोके गृहीत धरतात. 20 अंशांना भरलेले एक लिटर ॲसिटोन 55 अंशांना जवळपास 50 मिलिलिटर जास्त जागा मागते. ती जागा बाटलीत सोडलेली नसेल, तर द्रव बुचातून वाट काढतो. बाटली गळ्यापर्यंत कधीही भरायची नाही, ती याचसाठी.

आतून बाहेर

बाटली भरली की बूच ठरलेल्या जोराने आवळायचे आणि त्यावर दुसरा बंदोबस्त करायचा: टेप, श्रिंक स्लीव्ह किंवा तारेची पकड. मग प्रत्येक बाटली लायनरच्या पिशवीत. बाटल्यांच्या मधल्या जागेत वर्मिक्युलाइट भरतात. हा अभ्रकासारखा, भाजून फुगवलेला खनिज पदार्थ आहे. तो धक्का झेलतो, गळलेला द्रव शोषतो आणि स्वतः पेटत नाही.

इथे कसूर झाली तर काय होते, ते 3 नोव्हेंबर 1973 ला दिसले. न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालेल्या पॅन ॲमच्या मालवाहू बोइंग 707 मध्ये नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या. त्या लाकडी भुशात बांधल्या होत्या आणि विमानात नीट उभ्याही ठेवलेल्या नव्हत्या. नायट्रिक आम्ल लाकडाशी गाठ पडताच उष्णता आणि धूर काढते. कॉकपिट धुराने भरले, विमान बोस्टनकडे वळवले, पण धावपट्टीआधीच ते कोसळले आणि तिन्ही कर्मचारी गेले. गळलेल्या आम्लाची भुशाशी झालेली अभिक्रियाच मूळ कारण असावी, असे अमेरिकेच्या तपास मंडळाने मानले. नियम तेव्हाही होते, पण या व्यवसायात ते नीट ठाऊक असलेली माणसे कमी होती, हेही मंडळाने नोंदवले. आतले भरण रसायनाशी अभिक्रिया करणारे नसावे, या एका ओळीचे वजन त्या तीन जिवांवरून कळते.

खोक्यावरची ओळ

बाहेरचा खोका साध्या दुकानातला चालत नाही, युएन प्रमाणित लागतो. त्यावर वर्तुळातल्या युएन खुणेपुढे अशी ओळ छापलेली असते: 4जी / वाय25 / एस / 24 / आयएनडी, आणि पुढे प्रमाणपत्राचा तपशील. 4 म्हणजे खोका, जी म्हणजे पुठ्ठ्याचा. वाय म्हणजे ग्रुप 2 आणि 3 साठी तपासलेला. ग्रुप 1 ला एक्स लागतो, झेड फक्त ग्रुप 3 ला चालतो. 25 म्हणजे मालासकट कमाल वजन, किलोत. एस म्हणजे घन पदार्थांसाठी किंवा आत वेगळी भांडी ठेवण्यासाठी. आत बाटल्या असल्यामुळे द्रवालाही एसच येतो. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. 24 हे बनावटीचे साल, आयएनडी म्हणजे भारत.

ही खूण चाचण्यांनंतर मिळते. भारतात हे काम इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग करते. तिचे मुख्यालय मुंबईत अंधेरीला आहे. वाय दर्जाच्या नमुन्यांना 1.2 मीटरवरून कठीण, सपाट पृष्ठावर टाकतात: एक तळावर, एक माथ्यावर, एक लांब बाजूवर, एक आखूड बाजूवर, एक कोपऱ्यावर. एक्स दर्जासाठी उंची 1.8 मीटर असते. शिवाय तीन मीटर उंच थप्पीएवढे वजन 24 तास सोसावे लागते. प्रमाणपत्र नुसत्या पुठ्ठ्याचे नसते, तपासलेल्या पूर्ण जोडणीचे असते. बाटलीची जात बदलली किंवा उत्पादकाने सांगितलेल्या रुंदीऐवजी दुसरीच टेप लावली, तर त्या खुणेला आधार उरत नाही.

बाहेरचा मजकूर आणि सही

खोक्यावर युएन क्रमांक, रसायनाचे अधिकृत नाव, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहायचा. ज्वाळेचे लाल चौकटीचे 100 मिलिमीटरचे लेबल लावायचे आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना वर दाखवणारे बाण.

त्यासोबत शिपर्स डिक्लेरेशन जाते, दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असलेला कागद. टर्मिनलवरचा अ‍ॅक्सेप्टन्स कर्मचारी खोका आणि कागद चेकलिस्टने तपासतो. एका प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तरी माल परत. माल चढला की कप्तानाला ‘नोटॉक’ मिळतो: कोणता धोकादायक माल कुठल्या होल्डमध्ये, किती. आग लागली तर त्याचा निर्णय या कागदावर ठरतो.

ग्राहकाला थोडासाच नमुना पुरणार असेल, तर ‘एक्सेप्टेड क्वांटिटी’चा मार्ग जरूर पाहा. ॲसिटोनसाठी आतले भांडे 30 मिलिलिटर आणि पूर्ण खोका 500 मिलिलिटरपर्यंत. त्याला शिपर्स डिक्लेरेशन लागत नाही, पण बांधणीच्या चाचण्या आणि खास लेबल लागतेच.

डिक्लेरेशनवर सही पाठवणाऱ्याची असते आणि जबाबदारीही त्याचीच, खोका फॉरवर्डरने बांधला तरी. सही करणाऱ्याचे डीजी प्रशिक्षण दर 24 महिन्यांनी नव्याने व्हावे लागते. माझा आग्रह एवढाच: सही करणाऱ्याने टेबलावर कागद येण्याची वाट पाहू नये. बूच आवळताना, टेप लावताना, वर्मिक्युलाइट भरताना तिथे उभे राहावे आणि मगच सही करावी. त्या सहीवर विमानातले सगळे विसंबून असतात.