बिनकामाची वाट

‘वडील रेल्वेत होते’ असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे तिकीट खिडकी नाहीतर पांढऱ्या गणवेशातले स्टेशन मास्तर येतात. ‘आमचे अण्णा कीमन होते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे नेमकं काय करायचे?’ म्हणजे रुळांवरून चालायचे!

रोज सकाळी आपल्या वाट्याच्या पाच-सहा किलोमीटर रुळांवरून पायी जायचं. सैल झालेल्या चाव्या हातोड्याने ठोकून बसवायच्या, बोल्ट आवळायचे, रूळ कुठे तडकलाय का ते बघायचं आणि परतीला दुसरी बाजू तपासत यायचं. खांद्यावर हातोडा, भला मोठा पाना, झेंडे आणि फटाक्यांची डबी. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पुढे धोका असला तर ते रुळावर बसवायचे. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो.

अण्णांची हद्द कर्जत-खंडाळ्याच्या मधल्या बोरघाटात होती. १८६३ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग. ३७ फुटांमागे एक फूट असा खडा चढ! म्हणून तर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला कर्जतला जादा इंजिनं लावायची. तेवढ्या वेळात प्रवासी गरम वडे घेतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हा मार्ग पुरा होण्यात एका बाईचा मोठा हात होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, ते कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि इंजिनिअर नेमून काम तडीस नेलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर या घाटात राबत होते. हजारो त्यात मेले. त्यांची नावं कुठेच नाहीत. अण्णा म्हणायचे, ‘‘त्यांच्या हाडांवरून चालतो आपण, पाय जपून टाकावा.’’

पावसाळ्यात रात्रीची गस्त लागे. कंदील, शिट्टी आणि डोक्यावर इरलं. दरड कुठून येईल सांगता यायचं नाही. क्वार्टरमध्ये आई जागीच असायची. वर घाटात गाडीची शिट्टी ऐकू आली की म्हणायची, ‘‘गाडी सुटली, म्हणजे ठीक आहे सगळं.’’ २००४ मध्ये अण्णा निवृत्त झाले. २६ जुलै २००५ च्या पावसात घाटातली वाहतूक बंद पडली, त्या रात्री हा माणूस रेनकोट घालून दारातल्या खुर्चीत बसून होता. ड्युटी नव्हती, पण झोपही नव्हती.

असा सहा दिवस चालणारा माणूस रविवारी काय करील? अण्णा पुन्हा चालायला निघायचे! कोंडिवड्यापर्यंत एसटी, मग कोंडाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीची चढण. आई वैतागायची, ‘‘अहो, आज तरी पायांना विश्रांती द्या.’’ त्यावर अण्णांचं उत्तर मला अजून आठवतं. ‘‘अगं, राजमाची घाटातून रोज दिसते. पण माझी नजर रुळावर. मान वर करायला सवड कुठे? तो डोंगर मी आज बघतो.’’

मी आणि माझा भाऊ दोघेही बरोबर असायचो. ‘पोरीला कशाला रानात नेता?’ असं शेजारच्या आजींनी विचारलं, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, ‘‘का, तिला पाय नाहीत?’’ वाटेत कुडा, बहावा, पांगारा ओळखायला शिकवायचे. ही नावं त्यांना गँगमधल्या ठाकर सोबत्यांनी शिकवलेली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, म्हणून ती फुलली की शाळा बुडवायची परवानगी असायची. वर श्रीवर्धनच्या बुरुजावरून पलीकडच्या डोंगरात आगगाडी काडेपेटीएवढी दिसे. ‘‘ती बघ माझी कचेरी,’’ अण्णा बोट दाखवायचे.

आई कधीच आली नाही. मागे मी तिला विचारलं, ‘तुला नाही वाटलं यावंसं?’ ती हसली. ‘‘मला डोंगर नको होता गं, झोप हवी होती. तुम्हा दोघांना घेऊन ते दिवसभर बाहेर जायचे, तेवढी मला मिळायची.’’

२०१७ मध्ये अण्णा गेले. हातोडा, पाना, झेंडे सगळं निवृत्तीच्या वेळीच जमा झालं होतं. घरात राहिली ती रविवारची वेताची काठी.

आज बचत गटांच्या कामासाठी मी कर्जत तालुक्यातल्या वाड्यांवर जाते. तिथल्या बाया माझ्याहून कितीतरी पटीने चालतात, पाण्याला, सरपणाला, बाजाराला. एकदा बैठकीत विचारलं, ‘रानात सहज म्हणून कधी गेलात?’ सगळ्या हसत सुटल्या. ‘‘सहज कोण जातंय, ताई?’’ अण्णांची ती ‘मान वर करायला सवड कुठे’ मला एकदम आठवली. ज्यांच्या दारात डोंगर आहे, त्यांनाच तो बघायला मिळत नाही.

तेव्हापासून दर मार्गशीर्षात गटातल्या बायकांना घेऊन आम्ही राजमाचीला जातो. अट एकच, जाताना हंडा-कोयता न्यायचा नाही आणि येताना मोळी आणायची नाही. पहिल्या वर्षी घरच्यांनी कुरकुर केली, ‘हे कसलं काम?’ काम नाहीच, हेच तर समजावायचं होतं! एका मावशींचा हात वाळकी काटकी दिसली की आपोआप खाली जायचा. दोनदा उचलली, दोनदा टाकली. वर पोचल्यावर त्या तटाला टेकून अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, ‘‘ताई, आमची वाडी हितनं किती बारीक दिसती वो!’’

मैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकीच्या पायांत दिवसाकाठी कितीतरी चालणं असतं; ओट्यापासून बाजारापर्यंत, शाळेपासून दवाखान्यापर्यंत. त्यातलं बिनकामाचं किती, एवढं एकदा मोजून बघा. आणि घरात कुणाला झोपच हवी असेल, तर बाकीच्यांना घेऊन बाहेर पडा.