श्वास मोजण्याची शंभर वर्षं

छातीत धडधड, दरदरून घाम, हातापायाला मुंग्या, कितीही श्वास घेतला तरी तो पुरत नाही असं वाटणं आणि ‘आता काही खरं नाही’ ही खात्री. काही मिनिटांत कळस गाठून हा झटका ओसरतो. सातारा-सांगलीकडच्या गावांतून अशा माणसाचा प्रवास बहुतेक ठरलेला असतो. आधी तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी, मग कराड किंवा मिरजेत टूडी इको. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले की डॉक्टर म्हणतात, ‘काही झालेलं नाही’; घरातली वडीलधारी म्हणतात, ‘बाहेरचं असेल’, आणि देवऋषीकडे फेरी होते. या आजाराला ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र नाव मिळालं 1980 साली, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्यावरच्या उपायांपैकी एक म्हणजे रुग्णाला स्वतःच्या श्वासाचं माप डोळ्यांसमोर दाखवून तो श्वास आवरायला शिकवणं, म्हणजेच श्वासाचा बायोफीडबॅक. या उपायाची मुळं महाराष्ट्रात बरीच खोल आहेत. गेल्या शंभर वर्षांकडे वळून पाहिलं तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते: उपाय खरा आहे, पण तो का लागू पडतो याचं सांगितलं जाणारं कारण अपुरं आहे. ते नीट समजलं, तर आपल्या जिल्ह्यांची खरी गरज काय आहे हेही कळेल.

सुरुवात लोणावळ्यापासून करावी लागते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. योगाचे अनुभव प्रयोगशाळेत मोजायचे, हा त्यांचा आग्रह होता. प्राणायामात शरीर किती प्राणवायू घेतं आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, याची मोजमापं त्यांनी केली. प्राणायाम म्हणजे भरपूर प्राणवायू, हा लोकप्रिय समज त्यांना मान्य नव्हता. त्याच काळात औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानचं आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्या शाळांमधली मुलं रोज मंत्राच्या आणि श्वासाच्या तालावर मोजून नमस्कार घालत. म्हणजे श्वासाला शिस्त लावण्याची सवय या भागाला जुनीच. फक्त त्या शिस्तीने शरीरात नेमकं काय घडतं, ते करणाऱ्यालाच दिसण्याची सोय नव्हती.

ही सोय हळूहळू आली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातून. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वहिया आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये पतंजलीच्या संकल्पनांवर बेतलेल्या उपचारांविषयी लिहिलं. पुढे त्यांनी तुलनाही केली. एका गटाला एकाग्रतेसह पूर्ण पद्धत, दुसऱ्या गटाला एकाग्रता वगळून नुसती आसनांसारखी दिसणारी हालचाल आणि श्वसन. पहिल्या गटाचा फायदा जास्त दिसला. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी 1969 मध्ये उच्च रक्तदाबावर शवासनाचा परिणाम तपासला आणि 1980 मध्ये रक्तदाब व ताणतणावासाठी बायोफीडबॅकवर लेख लिहिला. वहिया आणि दाते या दोघांच्याही सुरुवातीच्या लेखांत कैवल्यधामच्या डॉ. विनेकरांचं नाव सहलेखक म्हणून येतं, हा योगायोग नाही. लोणावळ्याची दृष्टी केईएमच्या वॉर्डात पोहोचली होती. मात्र पॅनिक डिसऑर्डरवर श्वासाचा बायोफीडबॅक प्रत्यक्षात आकाराला आला तो इथे नव्हे, अमेरिकेत.

त्यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त श्वसन करतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ येते. रक्त अल्कधर्मी झाल्याने मोकळं कॅल्शियम कमी होतं; ओठांना, बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होतात. रुग्णाला वाटतं, लकवा आला. भीती वाढते, श्वास आणखी वाढतो. झटक्याच्या लक्षणांचा अति श्वसनाशी असलेला संबंध 1937 पासून वैद्यकीय लेखनात येतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. लक्षणांपेक्षा त्यांचा ‘मी मरतोय’ असा लावलेला अर्थ झटका पेटवतो, असं त्यांनी मांडलं. उलट डोनाल्ड क्लाइन यांनी 1993 मध्ये म्हटलं, की मेंदूतली गुदमरल्याची धोक्याची घंटाच या लोकांत खोटी वाजते.

अ‍ॅलिशिया मॉयरेट, वॉल्टन रॉथ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अति श्वसनाचा हा विचार उपचारात उतरला. नाकपुडीशी एक बारीक नळी, हातात मावणारा कॅप्नोमीटर, पडद्यावर दोन आकडे: श्वास सोडताना शेवटी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि मिनिटाला श्वास किती. पहिला आकडा साधारण 40 असावा, 35च्या खाली गेला की श्वसन जादा. दिवसातून दोनदा सतरा मिनिटं सराव. आधी दोन मिनिटं स्वस्थ बसायचं, मग दहा मिनिटं सुरांच्या तालावर श्वास, शेवटची पाच मिनिटं ताल नाही, फक्त आकडे. ताल पहिल्या आठवड्यात मिनिटाला तेराचा, मग अकरा, नऊ आणि चौथ्या आठवड्यात सहा. सूचना एकच: श्वास हळू घ्या, पण खोल घेऊ नका. प्रतीक्षा यादीतल्या रुग्णांपेक्षा प्रशिक्षण घेतलेल्यांचे झटके बरेच कमी झाले. याच पद्धतीवरच्या एका उपकरणाला 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगीही दिली.

गोष्ट इथेच संपली असती, तर हा लेख यंत्राची जाहिरात झाला असता. 2012 मध्ये रॉथ यांच्याच गटाने एक धाडसी चाचणी केली. काही रुग्णांना कार्बन डायऑक्साइड वाढवायला शिकवलं, तर काहींना कमी करायला. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखी झाली. त्याआधी, 2000 मध्ये, श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की विचार आणि वर्तनावरच्या उपचारात श्वसनाचं प्रशिक्षण जोडून वेगळा लाभ दिसत नाही. त्यांची शंका रास्त होती: ‘श्वास सांभाळला तरच मी वाचेन’ अशी रुग्णाची समजूत झाली, तर उपायच कुबडी बनतो. मॉयरेट यांच्या बाजूनेही पुरावा आहे. प्रशिक्षणात आधी कार्बन डायऑक्साइड सुधारतो आणि मागून भीती उतरते, असं त्यांना आढळलं. तरीही 2012च्या निकालाचं एकच पटणारं स्पष्टीकरण उरतं. आकडा वर गेला की खाली गेला, यापेक्षा तो आपल्या हाताने हलतो, हे रुग्णाला दिसणं मोलाचं. जे शरीर शत्रूसारखं वाटत होतं ते ऐकतंय, असा पुरावा त्याला स्वतःकडूनच मिळतो. मग हा नुसता मनाचा दिलासा का? नाही, भीतीने सुटलेला ताबा सरावाने परत मिळवणं हे शिकणं आहे. वहियांच्या तुलनेतही लक्ष देऊन केलेला सरावच सरस ठरला होता.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: घरोघरी प्राणायाम असताना यंत्र कशाला? कारण ‘दीर्घ श्वास घ्या’ हा आपला सरसकट सल्ला या आजारात उलटा पडू शकतो. भस्त्रिका, कपालभातीसारखे जलद प्रकार झटक्याच्या वेळी किंवा त्याच्या भीतीत केले तर मुंग्या आणि भोवळ वाढण्याचीच शक्यता. वर्गात शिक्षकाला बाहेरून छाती हलताना दिसते, आतलं मोजमाप दिसत नाही. कोविडच्या काळात सातारा-सांगलीत घराघरांत ऑक्सिमीटर आले, तेव्हा हीच गल्लत झाली. झटका आलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर तो 98-99 दाखवतो, कारण प्राणवायूची उणीव नसतेच. कमी झालेला असतो कार्बन डायऑक्साइड, आणि तो या उपकरणाला दिसत नाही. तरी त्या 99चाही उपयोग आहे. हृदय आणि फुप्फुस तपासून झालेलं असेल, तर श्वास पुरत नसल्याची भावना आणि श्वास पुरत असल्याचा आकडा शेजारीशेजारी ठेवून डॉक्टर रुग्णाला बरंच समजावू शकतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना इलाज मात्र सोडावा. खरोखर हृदयाचा किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर त्यात धोका आहे.

तिसरा आक्षेप साधनांचा. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच, त्यामुळे या भागातल्या रुग्णांचं चित्र त्या सर्वेक्षणातून मिळत नाही. पण साधनं अगदीच नाहीत असं नाही. मिरजेत 1894 मध्ये वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. कार्बन डायऑक्साइडचा हाच आकडा शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाच्या मॉनिटरवर दिसतो. भुलीतल्या रुग्णाला तेवढा तो दिसत नाही. गावात आशाताई न्यूमोनियाच्या संशयात बाळाचे श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजतात. त्याच कौशल्याने मोठ्या माणसालाही स्वतःचे श्वास मोजायला शिकवता येईल. आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि ‘परिवर्तन’ संस्थेच्या कामाने एक पाया घातला आहे: अंगात येणं, करणी, बाधा या नावांखाली पुष्कळदा उपचाराने बरा होणारा मनाचा आजार असतो, हे इथे मोकळेपणाने बोललं गेलं.

म्हणून महागड्या यंत्राची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. आधी थायरॉईड, रक्तक्षय, हृदय आणि दमा तपासून निदान पक्कं करावं. मग ‘काही झालेलं नाही’ असं न म्हणता ‘याला नाव आहे आणि हा बरा होतो’ असं सांगावं. चार-पाच आठवडे श्वासाचा मोजून सराव, त्याच्या जोडीला विचारांवरचा उपचार, आणि गरज असेल तिथे औषध. झोपेच्या किंवा तात्पुरत्या शांत करणाऱ्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर घेऊन नव्हे. ज्यांना पहिलं पाऊल कुठे टाकावं कळत नाही, त्यांच्यासाठी टेली-मानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पुढचा झटका येण्याआधीच तो फिरवावा.